ध्रुवावर हवामानाच्या नोंदी घ्यायच्यात? खानापूरच्या मुलीला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. मुलगी खानापूर तालुक्यातली. शाळा मराठी माध्यमातून झाली, आता बेळगावात भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अंटार्क्टिकात हवामान निरीक्षक म्हणून काम करायचंय. तिथं बाईला घेतात का, वाट कुठून आहे, आणि आता सगळं यंत्रंच मोजतात तर माणूस कशाला लागतो, असं ती विचारते. घरचे म्हणतात, दोन वर्षं बघ, नाही जमलं तर लग्न. मी हवामान खात्यात सगळी नोकरी काढली. अंटार्क्टिकात एकदा उन्हाळ्यात मैत्री ठाण्यावर आणि पुढं एकदा हिवाळाभर भारती ठाण्यावर होते. माहेर माझं जांबोटीच्या बाजूचं, म्हणून जरा मोकळेपणानं लिहिते.

बाईला घेतात का, हे आधी उरकून टाकू. घेतात. १९८३ मध्ये निघालेल्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि सागरवैज्ञानिक अदिती पंत होत्या. पंत आपल्या नागपूरच्या. पुढं डॉ. कंवल विल्कू हिवाळाभर तिथं राहिल्या. इस्रोच्या मंगला मणी तर छप्पन्नाव्या वर्षी गेल्या आणि २०१६-१७ मध्ये भारतीवर ४०३ दिवस राहून आल्या. जर्मनांनी १९९०-९१ मध्ये त्यांच्या नॉयमायर ठाण्याचा अख्खा हिवाळी संघच नऊ बायकांचा पाठवला होता. डॉक्टर, इंजिनिअर, स्वयंपाकी, हवामानाच्या नोंदी घेणारी, सगळ्या बायका, आणि ठाणं व्यवस्थित चाललं. तेव्हा कुणी तोंडावर म्हणालं की हे बायकांचं काम नव्हे, तर वाद घालत बसू नकोस, ही नावं सांग आणि विषय बदल.

खरी अडचण वेगळीच आहे. ‘अंटार्क्टिकातली हवामान निरीक्षक’ अशी नोकरीच आपल्याकडं नाही. नोकरी असते हवामान खात्यातली, आणि अंटार्क्टिका हा त्या तीस-पस्तीस वर्षांतला एक मुक्काम. उन्हाळी मोहीम असेल तर तीन-चार महिने, हिवाळी असेल तर वर्षाच्या वर. बाकीचं सगळं आयुष्य पुण्यात, गोव्यात, नागपुरात, कुठल्यातरी विमानतळावर, रात्रपाळीत जातं. जिला त्या रात्रपाळ्या नको आहेत आणि फक्त बर्फ हवाय, तिनं या वाटेला येऊ नये. पर्यटनाचं जहाज परवडलं.

वाट अशी आहे. खात्यात ‘सायंटिफिक असिस्टंट’ हे पद असतं. ते स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या परीक्षेतून भरतात. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि प्रथम वर्ग लागतो, बारावीला भौतिक आणि गणित हवं. निम्मा पेपर सर्वसाधारण असतो, बुद्धिमत्ता, अंकगणित, इंग्रजी वगैरे, आणि निम्मा तुझ्या विषयाचा. गोम ही की ही परीक्षा दरवर्षी होत नाही. २०१७ मध्ये झाली, मग एकदम २०२२ मध्ये. म्हणून घरच्यांच्या ‘दोन वर्षं बघ’ला मी तरी होकार देणार नाही. दोन वर्षांत जाहिरातच निघाली नाही तर तू नापास झालीस असं होत नाही. मधल्या काळात एम.एस्सी. कर. भौतिक कर किंवा वातावरणशास्त्र कर, पण हात रिकामे ठेवू नकोस.

सीमाभागातल्या मुलीला एक गोष्ट मुद्दाम सांगते. ही केंद्राची नोकरी आहे. रहिवासी कर्नाटकचे की महाराष्ट्राचे, दाखला कुठला, कन्नड येतं का, शाळा कुठल्या माध्यमाची, यातलं काही आडवं येत नाही. आपल्याकडच्या मुलांची निम्मी ताकद त्या दाखल्यांच्या फेऱ्यात जाते, इथं ती वाचते. पेपर मात्र इंग्रजी आणि हिंदीत असतो, त्याची तयारी आत्ताच लाव. कन्नड येत असेल तर सोडू नकोस. कर्नाटकातली केंद्रं बेंगळुरूच्या हाताखाली आहेत, तिथं बदली झाली तर कन्नडवरच निभतं.

निवड झाल्यावर पुण्यात प्रशिक्षण होतं. मग नेमणूक. काही वर्षं काम झालं की अंटार्क्टिकासाठी इच्छुकांची नावं मागवतात, तेव्हा अर्ज करायचा. मोहिमा चालवतं ते गोव्याचं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. ते वास्कोला हेडलँड सडा इथं आहे. आपल्या लोंढ्याहून कॅसलरॉक, दूधसागर करत खाली उतरणारी रेल्वे जिथं संपते, तेच गाव. खानापूरकरांना दिल्ली-मुंबईपेक्षा भारताचा दक्षिण ध्रुव जवळ आहे, म्हण ना! संशोधनाच्या वाटेनंही जाता येतं. ते गोव्याचं केंद्र, पुण्याची उष्णदेशीय हवामानाची संस्था, पनवेलची भूचुंबकत्वाची संस्था, हे सगळे आपापली माणसं पाठवत असतात. पण तुला नोंदी घ्यायच्या आहेत असं तू लिहिलंस, आणि नोंदी घेणारी माणसं हवामान खात्याची असतात.

नाव लागल्यावर दिल्लीला वैद्यकीय तपासणी आणि मानसिक चाचण्या होतात. मग उत्तराखंडात औलीला इंडो-तिबेट सीमा पोलिसांकडं बर्फावरचं प्रशिक्षण. दोर कसा बांधायचा, भेगेत पडलेल्याला कसं काढायचं, तंबूत कसं राहायचं. मी मानसिक चाचणीला घाबरले होते आणि औलीला हसत गेले. व्हायला उलटं हवं होतं, औलीनं चांगलं रडवलं.

आता कामाकडं येते.

सकाळी साडेआठला बेळगावच्या वेधशाळेत कुणीतरी स्टिव्हन्सन पेटीचं दार उघडून तापमापक वाचतं. जागतिक प्रमाणवेळेत तेव्हा पहाटेचे तीन वाजलेले असतात. त्याच क्षणी मैत्रीवर, भारतीवर, ब्रिटिशांच्या हॅलीवर, जर्मनांच्या नॉयमायरवर तीच नोंद होत असते. दर तीन तासांनी, जगभर एकदम. या सगळ्या नोंदी जोडून नकाशा होतो, म्हणून ‘जरा वारा पडला की जाते’ असं चालत नाही. सहा वाजताची नोंद सहालाच. ध्रुवावरच्या कामाचं सगळं अवघडपण या एका नियमात आहे. थंडीचं तेवढं नाही, कपडे असतात.

पेटीचं दार इथं उत्तरेकडं असतं, ऊन आत पडू नये म्हणून. तिथं ते दक्षिणेकडं असतं. पण डिसेंबरात सूर्य मावळतच नाही, चोवीस तास गोल फिरतो आणि मध्यरात्री बरोबर दक्षिणेला येतो, म्हणजे दाराच्या समोर. मग अंगानं सावली धरून वाचायचं. वाचताना आधी दशांश बघायचा आणि मग पूर्ण अंश, कारण तुझ्या अंगाच्या उबेनं आकडा हलतो तो आधी दशांशात. हे पुण्यात शिकवलं तेव्हा उगाच काटेकोरपणा वाटला होता. उणे पंचवीसमध्ये चेहरा पेटीजवळ नेला की श्वासानं काच धूसर होते, तेव्हा कळतं. श्वास धरून वाचायचं. पारा उणे ३८.८ ला गोठतो, म्हणून फार थंडीच्या जागी अल्कोहोलचे तापमापक. पेनाची शाई गोठते, म्हणून पेन्सिल. जाड हातमोज्यात ती धरता येत नाही, म्हणून आत पातळ मोजे, आणि वरचे काढून पटकन लिहायचं.

ओला तापमापक, म्हणजे आर्द्रता काढायला ओलं फडकं गुंडाळलेला, ही त्यातली सगळ्यात नाठाळ वस्तू. इथं फडकं ओलं केलं की झालं. तिथं त्या फडक्यावर पाणी शून्याखाली जाऊनही कधी कधी द्रवच राहतं. मग बर्फाचा खडा लावून ते मुद्दाम गोठवायचं, थर पातळ आहे ना बघायचं, आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि आर्द्रता काढायचा तक्ता बर्फाचा घ्यायचा, पाण्याचा नव्हे. बर्फावरचा बाष्पदाब पाण्यावरच्यापेक्षा कमी असतो. तक्ता चुकला की आर्द्रता चुकली, आणि ती चूक नंतर कुणाला सापडत नाही. अलीकडं हे इलेक्ट्रॉनिक संवेदकांवर गेलंय. तरी संवेदकावर हिम धरलंय का हे बघायला बाहेर माणूसच जातो.

यावरून तुझ्या यंत्राच्या प्रश्नाकडं. तापमान, दाब, वारा यंत्र माझ्यापेक्षा चांगलं मोजतं, आणि झोपत नाही. मी त्याच्याविरुद्ध नाही. पण हिमवादळात एक प्रश्न यंत्राला अजून जड जातो: वरून बर्फ पडतंय, की खाली पडलेलंच वाऱ्यानं उडतंय? दोन्ही सारखंच दिसतं. उडणारं हिम डोळ्यांच्या उंचीखाली असेल तर एक संकेतांक, वर गेलं आणि दिसायचंच बंद झालं तर दुसरा, खरोखर पडत असेल तर तिसराच. निरीक्षक काय करते? मान वर करून बघते. धुरळ्यातून डोक्यावर तारे दिसले तर आभाळ मोकळं आहे, हे नुसतं उडणारं हिम. हा फरक विमानासाठी महत्त्वाचा. मैत्रीजवळ रशियनांच्या नोव्होलाझारेव्हस्काया ठाण्याची बर्फावरची धावपट्टी आहे, केपटाऊनहून विमानं तिथं उतरतात. वैमानिकाला फक्त वारा पुरत नाही. क्षितिज दिसतंय का, बर्फाच्या पृष्ठभागाचे उंचसखल दिसतायत का, हेही त्याला लागतं. ढग एकसारखे दाटले की सावल्या नाहीशा होतात, आभाळ आणि जमीन एकच पांढरी होते आणि पायाखालचा खड्डा दिसत नाही. मोजणीच्या खुणा मात्र कदाचित दोन किलोमीटरवरच्या दिसत असतात. म्हणजे आकड्यात दृश्यमानता छान, आणि उतरायला जागा दिसत नाही! हे शब्दांत कळवायला माणूस लागतो. किती वर्षं लागेल? तुझ्या नोकरीभर तरी, असं मला वाटतं.

वाऱ्याबद्दल लोक थंडीपेक्षा कमी विचारतात. खंडाच्या मध्यावरचं पठार उंच आहे. तिथली हवा गारठून जड होते आणि उतारावरून किनाऱ्याकडं घसरते. आभाळ निरभ्र, वादळ कुठंच नाही, तरी वारा थांबत नाही. डग्लस मॉसनच्या ऑस्ट्रेलियन मोहिमेनं १९१२-१३ मध्ये केप डेनिसनला नोंदी घेतल्या. वर्षभराची सरासरीच ताशी ७० किलोमीटरच्या आसपास निघाली, आणि लोकांचा विश्वास बसेना. आपली ठाणी एवढी वाईट जागी नाहीत, पण हिमवादळ दोन-तीन दिवस चालतं. तेव्हा इमारतींच्या मध्ये दोर बांधलेला असतो, तो धरूनच जायचं. एकटीनं बाहेर पडायचं नाही, वॉकीटॉकी घ्यायचा, वहीत वेळ लिहायची. शिस्त मोडून शूरपणा दाखवणारी माणसं तिथं कुणाला आवडत नाहीत, कारण शोधायला बाकीच्यांना जावं लागतं.

फुगे सोडायचं काम मला सगळ्यात आवडायचं. वर जाऊन तापमान, आर्द्रता, वारा कळवणारं यंत्र फुग्याला बांधून सोडतात, आणि काही दिवशी त्याच्याबरोबर ओझोन मोजणारं. भारतीय बनावटीचं ओझोन मोजणारं असं उपकरण ॲना मणी यांच्या देखरेखीखाली तयार झालं. केरळची बाई, १९४८ मध्ये पुण्यात हवामान खात्याच्या उपकरण विभागात आली आणि १९७६ मध्ये उपमहासंचालक होऊन निवृत्त झाली. तू हे नाव आत्तापर्यंत ऐकलं नसशील तर तुझ्या कॉलेजचं काहीतरी चुकतंय. हिवाळ्यात वरच्या हवेत इतकी थंडी असते की रबर कडक होतं आणि फुगा लवकर फुटतो. काही ठाण्यांवर तो आधी गरम करतात किंवा तेलात बुडवतात, म्हणजे जास्त उंच जातो. सोडताना वारा असेल तर दोघांनी धरून पळायचं. तेवढाच व्यायाम.

ओझोनवरूनच सांगते, रोज तेच तेच मोजून काय मिळतं ते. हॅलीवर ब्रिटिश माणसं १९५०च्या दशकापासून डॉब्सन उपकरणानं ओझोन मोजत होती. वर्षानुवर्षं काही विशेष नाही. मग १९७०च्या दशकाच्या शेवटाकडं तिथल्या वसंतात, म्हणजे ऑक्टोबरात, आकडे घसरायला लागले. जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन यांनी १९८५ मध्ये ते छापलं. उपग्रह वरून बघतच होते, पण इतके कमी आकडे शंकास्पद म्हणून वेगळे काढले गेले होते. जमिनीवरच्या लोकांकडं जुन्या वह्या होत्या, त्यामुळं ‘पूर्वी असं नव्हतं’ हे ठामपणे म्हणता आलं. दोन वर्षांत ओझोन नासवणाऱ्या रसायनांना आळा घालणारा माँट्रियलचा करार झाला. त्या वह्यांमधली बहुतेक पानं लिहिणाऱ्याला त्या दिवशी कंटाळवाणीच वाटली असणार. तुला रोजचा तोच आकडा प्रामाणिकपणे लिहिता येतो का, आणि ढगामुळं दिसलं नाही तर अंदाजानं भरण्याऐवजी ‘नोंद नाही’ असं लिहिता येतं का? अंटार्क्टिकाला लायक कोण, हे मी एवढ्यावरून ठरवते. पोहता येतं का, डोंगर चढते का, हे नंतर.

बाई म्हणून काय वेगळं, ते आता. ठाण्यात काही वेगळं नाही. खोली, गरम पाणी, डॉक्टर, सगळं आहे. पाळीचं सामान वर्षभराचं, वर चार महिन्यांचं जादा, स्वतः न्यायचं. दुकान नाही, आणि मधे कुणी आणून देणार नाही. वापरलेलं सगळं ठरल्या पद्धतीनं साठवून परत आणतात. बर्फावर उघड्यावर काहीही टाकायचं नाही, हा नियम सगळ्यांना आहे. अडचण ठाण्याबाहेरच्या लांब प्रवासात येते. अंगावर तीन-चार थर, आडोसा नाही आणि वारा. त्यासाठी उभ्यानं लघवी करायची नरसाळ्यासारखी साधनं मिळतात, गिर्यारोहक मुली वापरतात. घरी सराव करून जा, लाजू नकोस. पाणी कमी पिऊन भागवायचा विचारही करू नकोस. तिथली हवा कोरडी आहे, डोकं धरतं आणि मूत्रमार्गाला त्रास होतो. ध्रुवीय कपडे आणि बूट बहुतेक पुरुषी मापाचे असतात. हातमोजे मोठे पडले तर बोटांना पेन्सिल सापडत नाही, म्हणून सामान वाटतात त्या दिवशीच घालून बघ आणि बदलून माग. संकोच करून घेतलेला मोठा बूट वर्षभर पायात राहतो.

हिवाळ्यात वीस-पंचवीस माणसं. मैत्रीवर मेच्या अखेरीपासून जुलैच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य उगवत नाही, भारतीवर थोडं कमी. २१ जूनला, तिथल्या हिवाळ्याच्या मध्याला, सगळ्या देशांची ठाणी एकमेकांना शुभेच्छा पाठवतात, मोठं जेवण होतं. त्यानंतरचे आठवडे जड जातात, कारण सण होऊन गेलेला असतो आणि उजेड आलेला नसतो. माणसं एखाद्याच्या चमचा वाजवण्यावरून अबोला धरतात. नोंदीच्या कामाचा तिथं फायदा होतो. दर तीन तासांनी उठायला कारण असतं.

घरच्यांशी बोलताना थंडीचं आणि धोक्याचं फार सांगू नकोस, त्याला उत्तरं आहेत. एका गोष्टीला उत्तर नाही, ती आधी सांग. हिवाळा सुरू झाला की परत येता येत नाही. कुणी आजारी पडलं, कुणी गेलं, तरी नाही. मी भारतीवर असताना माझे मामा गेले. उपग्रहाच्या फोनवरून कळलं, मामीशी बोलले आणि पुढच्या नोंदीला गेले. हे आईवडिलांना, आणि लग्न झालं असेल तर नवऱ्याला आणि सासूला, जायच्या आधी समोर बसवून सांगायचं. माझ्या सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पोरीचं सातवीचं वर्ष कोण बघणार?’ मी म्हटलं, तुम्ही. त्यांनी बघितलं. लग्न केलंस तर अशा घरात कर, जिथं हा प्रश्न विचारता येतो आणि हे उत्तर देता येतं. लग्न आणि अंटार्क्टिका यांतलं एकच निवड, असं मी कुणाला सांगत नाही.

आत्ता काय करशील? आपला तालुका या कामाची शाळाच आहे. आमगाव-कणकुंबीचा पट्टा कर्नाटकातल्या सर्वांत जास्त पावसाच्या जागांत मोडतो, आणि त्याच जिल्ह्यात अथणीकडं गेलीस की दुष्काळी कोरडं. येत्या पावसाळ्यात घरी पर्जन्यमापक लाव. विकत नको, सरळ उभ्या कडांचा डबा आणि पट्टी चालते. झाडा-पागोळ्यांपासून लांब, उघड्यावर. रोज बरोबर साडेआठला मिलिमीटर वाच, लिही, डबा रिकामा कर. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत एकही दिवस न चुकता. घरात लग्न असो, ताप असो, जांबोटीचा रस्ता बंद असो. ग्रामपंचायतींकडं सरकारी स्वयंचलित मापकं असतात, त्यांच्या आकड्याशी ताडून बघ आणि फरक का पडला ते शोध. वारा जोरात असला की मापकात पाऊस कमी पडतो, हे तुझं तुलाच दिसेल. बर्फाच्या बाबतीत तोच घोटाळा कितीतरी पटींनी होतो. सांबरा विमानतळाच्या वेधशाळेत कॉलेजच्या पत्रावर एक दिवस बसू देतात का विचार. जाणार असशील तर रात्रपाळीची वेळ माग, दिवसा सगळं सोपं दिसतं.

उत्तर ध्रुवाचंही ध्यानात ठेव. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू ओलेसुंडला आपलं हिमाद्री ठाणं २००८ पासून आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून तिथं हिवाळ्यातही माणसं राहायला लागलीत. तिथं जाणाऱ्या संशोधकांना ध्रुवीय अस्वलांमुळं बंदुकीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. अंटार्क्टिकात अस्वलं नाहीत. हे तुझ्या आईला नक्की सांग, माझ्या आईला त्याचाच फार धीर आला होता.

आणि अर्ज करायच्या वर्षी आधी दातांच्या डॉक्टरकडं जाऊन ये. ठाण्यावर डॉक्टर असतो, दंतवैद्य नसतो.